वर्कशॉपचं दार एक दिवस उघडा

धारूरला रेल्वे नाही. किल्ला आहे. आदिलशाहीच्या किश्वरखान लारीनं 1567 साली बांधलेला हा किल्ला बालाघाटाच्या कडेवर अजून उभा आहे. मोगलाईत इथे टांकसाळ होती आणि गावाचं नाव फतेहाबाद होतं. सीताफळाच्या मोसमात डोंगरातून पाट्या भरभरून बाजारात येतात. तेलगावच्या बाजूनं चढणारा अवघड वळणांचा घाट आहे, आणि दसरा सरला की त्याच वाटांनी ऊसतोड्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर रात्रंदिवस निघत राहतात. गाडीची शिट्टी मात्र या गावानं आपल्या शिवारात ऐकलेली नाही. रेल्वेनं कुठं जायचं तर आधी एसटीनं परळी गाठायची, नाहीतर लातूर. त्यामुळे इथल्या शाळांतल्या कितीतरी मुलांनी आगगाडी मोबाइलवर पाहिलेली असते, चित्रकलेच्या वहीत रंगवलेली असते. तिच्या चाकाला हात लावलेला नसतो.

बीड जिल्ह्याची रेल्वेची वाट किती लांब होती ते जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. परळीला निजामाच्या राजवटीतच रूळ आले, पण परळी जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. बाकीचा जिल्हा कोरडा राहिला. अहमदनगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 साली मंजूर झाला, तेव्हा त्याचा खर्च 353 कोटी धरला होता. तो वाढत वाढत 4,800 कोटींच्या पुढे गेला. केशरकाकू क्षीरसागरांनी ही मागणी दिल्लीत लावून धरली, गोपीनाथ मुंडे यांनी ती आयुष्यभर उराशी बाळगली. 23 सप्टेंबर 2022 ला गाडी आष्टीपर्यंत आली. आणि 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हिरवा झेंडा दाखवला आणि बीडहून अहिल्यानगरकडे, म्हणजे जुन्या अहमदनगरकडे, पहिली प्रवासी गाडी निघाली. मंजुरीपासून मोजलं तर तीस वर्षं. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर आता आपल्या पोराला खांद्यावर घेऊन गाडी दाखवायला येतं.

मी हे अक्षरशः पाहिलं. उद्घाटनाची गर्दी ओसरल्यावर एकदा बीडच्या स्थानकावर गेलो होतो. फलाटावर प्रवाशांच्या बरोबरीनं नुसती गाडी बघायला आलेली माणसं होती. वडवणीच्या बाजूचं एक कुटुंब होतं. बाईनं डबा बांधून आणला होता, जणू जत्रेलाच आली होती. त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा इंजिनाच्या तोंडापाशी उभा राहून आत डोकावत होता. बराच वेळ बघून त्यानं बापाला विचारलं, "बाबा, हिचं स्टेअरिंग कुठंय?" बाप ट्रॅक्टर चालवणारा. त्यानंही आत बघितलं आणि म्हणाला, "आसंल आतमधी कुठंतरी." गाडी सुटायची वेळ झाली, शिट्टी झाली, आणि तो प्रश्न फलाटावरच राहिला.

प्रश्न अगदी मुळावरचा होता. ट्रॅक्टरला स्टेअरिंग लागतं, मोटारसायकलला हँडल लागतं, बैलगाडीला कासरा लागतो. मग शेकडो टनांची ही गाडी वळते कशी? ते दाखवायला त्या फलाटावर कुणी नव्हतं, आणि असायला हवं असंही नाही. स्थानक हे गाडी धरायचं ठिकाण आहे. ते दाखवायची जागा वेगळी असते. जिथे गाडी उचलून ठेवतात, तिची चाकं काढतात, ब्रेक उघडतात, जिथे तिचं पोट दिसतं, ती जागा म्हणजे शेड आणि वर्कशॉप. माझं म्हणणं एवढंच आहे की वर्षातून एक दिवस त्या जागेचं दार लोकांसाठी उघडं असावं. आमच्या भागापुरतं बोलायचं तर हे दार कुर्डूवाडीच्या रेल्वे वर्कशॉपचं आहे.

जगात ही प्रथा आता चांगली रुळली आहे. जपानमध्ये 14 ऑक्टोबर हा रेल्वे दिन. 1872 साली शिंबाशी ते योकोहामा ही तिथली पहिली गाडी सुरू झाली, त्याची ती आठवण. त्या सुमारास ठिकठिकाणची शेड आणि कारखाने लोकांना खुले करतात. हमामात्सु इथल्या शिंकान्सेनच्या कारखान्यात तर खुल्या दिवशी क्रेननं बुलेट ट्रेनचा अख्खा डबा उचलून माणसांच्या डोळ्यांसमोरून हवेतून नेत. डबा उचलणं हे त्या कामगारांचं रोजचं काम. ते बघायला लोक पोरंबाळं घेऊन लांबून येत. इंग्लंडमध्ये आधुनिक प्रवासी रेल्वेची दोनशे वर्षं 2025 मध्ये साजरी झाली. त्या वर्षी 1 ते 3 ऑगस्टला डर्बी शहरातला लिचर्च लेनचा रेल्वे कारखाना जवळजवळ पन्नास वर्षांनी लोकांसाठी उघडला. वाफेच्या इंजिनांपासून कालपरवाच्या गाड्यांपर्यंत शंभरावर वाहनं एका आवारात उभी केली होती, आणि सुमारे 40 हजार तिकिटं आधीच संपली होती. आपल्याकडे हरियाणातलं रेवाडीचं लोको शेड 1893 सालचं. वाफेची इंजिनं मोडीत निघाली तेव्हा तेही मोडीत निघालं असतं. ते राखलं, दुरुस्त केलं आणि लोकांना खुलं केलं. आज तिथे जिवंत वाफेचं इंजिन बघता येतं.

पण दाखले द्यायला आपल्याला एवढं लांब जावं लागत नाही. रेल्वेच्या अशा जाहीर प्रदर्शनाचा एक धागा थेट बार्शीला येऊन मिळतो, आणि बार्शीतून आमच्या बालाघाटावर.

बार्शी हे तेव्हा इंग्रजी मुलखातलं गाव, निजामाच्या हद्दीला चिकटलेलं. बालाघाटावरचा कापूस, गळिताचं धान्य, कडधान्य बैलगाड्यांनी घाट उतरून, निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून बार्शीच्या पेठेत जाई. मुंबई–मद्रास हमरस्त्याची मोठी लोहवाट मात्र बार्शीला बगल देऊन गेली होती. तिच्यावरचं सगळ्यांत जवळचं स्थानक वीसेक मैलांवर. त्याचं नावच बार्सी रोड. आज आपण त्याला कुर्डूवाडी म्हणतो. एवढा माल एवढ्या वाटेनं गाडीबैलांनी न्यायचा, पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात चाकं आसापर्यंत रुतायची. इथे एक हलकी रेल्वे टाकावी ही कल्पना एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं 1880 च्या दशकात धरली. तो जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत इंजिन-निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला होता. परवानग्या आणि पैसा जमवण्यात त्याची वर्षं गेली. 1895 साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली.

कॅलथ्रॉपचं डोकं एका साध्या हिशेबावर चाललं होतं. स्वस्त रेल्वे म्हणजे हलके रूळ. हलक्या रुळावर जड इंजिन चाललं तर रूळ वाकतात. म्हणून त्यानं ठरवलं की गाडीतल्या कुठल्याही आसावर, मग तो इंजिनाचा असो, डब्याचा असो की वाघिणीचा, 5 टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, आणि इंजिनाचं वजन अनेक आसांवर सारखं वाटलं गेलं पाहिजे. एवढं पाळलं तर दर यार्डाला 30 पौंड वजनाचे बारीक रूळही पुरतात. रुंदी अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. मोठ्या रुळांच्या 1676 मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीनं केली. वाघिणींच्या चौकटी लीड्स फोर्ज कंपनीनं पोलादी पत्रा दाबून घडवल्या, म्हणजे हलक्या आणि तरी भक्कम. तेव्हाच्या मानानं ही फार पुढची गोष्ट होती.

आणि आता तो धागा. हे सगळं सामान जहाजावर चढवायच्या आधी कॅलथ्रॉपनं लीड्सजवळ न्यूले इथे एक चाचणीची लोहवाट टाकली. 1896 च्या सुमारास तिथे बार्शीची इंजिनं, बार्शीचे डबे, बार्शीच्या वाघिणी चालवून दाखवल्या. ठिकठिकाणच्या रेल्वे अधिकाऱ्यांना आणि अभियंत्यांना बोलावलं, त्यांना गाडीत बसवलं, माल लादून दाखवला, तीव्र वळणांवरून गाडी नेऊन दाखवली. अरुंद रुळाची रेल्वे म्हणजे खेळणं असा समज ज्यांचा होता, त्यांना त्यानं वादात न पडता गाडीच दाखवली. म्हणजे बार्शीच्या गाडीची पहिली ओळख जगाला झाली ती अशा एका खुल्या प्रदर्शनात. दाखवलं की माणसाला पटतं, हे या रेल्वेच्या जन्मातच आहे. ज्या मुलखासाठी ती गाडी बांधली, त्या मुलखातल्या लोकांना मात्र ती आतून कुणी दाखवली नाही. मला हे बोचतं.

मार्च 1897 मध्ये बार्शी ते बार्सी रोड गाडी सुरू झाली. नंतर ती दोन्ही अंगांनी वाढत गेली. 1906 मध्ये पंढरपूरला पोचली. वारीच्या गर्दीला डबे पुरत नसत, तेव्हा मालाच्या वाघिणींत वारकरी बसत. त्या वाघिणी तशा वापरता याव्यात अशीच त्यांची रचना होती. पूर्वेला येडशीचा घाट चढून, रामलिंगाच्या झाडीतून, तेरच्या प्राचीन पांढरीवरून ती निजामाच्या मुलखात शिरली आणि 1911 साली लातूरला आली. लातूरची पेठ त्यानंतर कशी फुगली ते मराठवाड्याला ठाऊक आहे. बालाघाटाच्या गाड्या बार्शीऐवजी लातूरची वाट धरू लागल्या. 1927 मध्ये दुसऱ्या टोकाला मिरज जोडलं गेलं आणि लातूर ते मिरज अशी सव्वातीनशे किलोमीटरची अरुंद लोहवाट पुरी झाली. या सगळ्याचं मधलं ठिकाण कुर्डूवाडी. छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत माल भरायचा तो तिथे, आणि छोट्या गाडीची दुखणी काढायची तीही तिथे.

कॅलथ्रॉपचं पुढचं आयुष्य ऐकण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये परतल्यावर त्यानं लीक आणि मॅनिफोल्ड दरीतली छोटी रेल्वे बार्शीच्याच धर्तीवर बांधली. ती 1904 मध्ये सुरू झाली आणि 1934 मध्ये बंद पडली. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यानं वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली आणि तिला 'गार्डियन एंजल' हे नाव दिलं. अरबी घोडे पाळायचा, घोड्यांवर पुस्तकही लिहिलं. 1927 मध्ये तो वारला, मिरजेला रूळ पोचले त्याच वर्षी. इंग्लंडमधल्या त्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेवर तिथल्या लोकांनी पुस्तकं लिहिली, तिची वाट पायवाट करून जपली. ती अवघी सव्वातेरा किलोमीटरची होती. आपली तिच्या वीसपटीहून मोठी, तिच्या आधीची, आणि तिचं वर्कशॉप अजून जागेवर आहे.

1 जानेवारी 1954 पासून बार्शी लाइट सरकारची झाली आणि पुढे मध्य रेल्वेत मिसळली. वाफ गेली, डिझेल आलं. मग रुंदीकरण आलं. लातूर ते कुर्डूवाडी मोठे रूळ 2007-08 च्या सुमारास पडले, त्यात धारूरकरांच्या ओळखीचं धाराशिव पहिल्यांदा रेल्वेच्या नकाशावर आलं. पंढरपूर–मिरजही त्यानंतर बदललं. अडीच फुटी गाडी संपली. रुंदीकरण हवंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. लातूरचा विद्यार्थी आज रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरतो तो त्यामुळेच. पण गाडीबरोबर तिची हकीकतही भंगारात जाऊ नये. ती हकीकत ज्यांच्या हातांत आहे, ती माणसं कुर्डूवाडीत आणि बार्शीत आहेत. वर्कशॉपमध्ये उमर घालवलेले फिटर, लोहार, बॉयलरवाले, सुतार, रंगारी. त्यातले वाफेच्या काळातले आता थकत चालले आहेत.

कुर्डूवाडीचं वर्कशॉप रुंदीकरणानंतर बंद पडलं नाही. मोठ्या रुळांच्या वाघिणींची दुरुस्ती तिथे होऊ लागली. माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांची कामंही तिथल्या हातांनी केली आहेत. म्हणजे छोट्या गाडीचं कसब तिथे पुरतं मेलेलं नाही.

अशा ठिकाणी खुल्या दिवशी काय बघायचं? बीडच्या फलाटावरच्या त्या पोराच्या प्रश्नापासूनच सुरू करू. आसासकट बाहेर काढलेली चाकांची जोडी जमिनीवरच्या रुळावर ठेवलेली असते. गाडीखाली असताना जे दिसत नाही ते इथे दिसतं. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट दाबून बसवलेली असतात. बैलगाडीसारखी ती आसावर सुटी फिरत नाहीत. चाकाच्या आतल्या बाजूला उभी कड असते. लोकांना वाटतं, गाडी त्या कडेमुळे वळते. खरं गुपित चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या भागात असतं. तो भाग सपाट नसतो. हात फिरवला की कळतं, आतल्या बाजूला जाड आणि बाहेर निमुळता होत गेलेला, साधारण वीस भागांत एक भाग एवढा उतार. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला जराशी सरकते. बाहेरचं चाक मग आपल्या जाड भागावर चालतं आणि आतलं बारीक भागावर. जाड चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, बारीक कमी, आणि जोडी आपोआप वळते. स्टेअरिंग चाकातच कोरलेलं आहे. कड ही फक्त शेवटची राखण.

शाळेत हे दाखवायला रेल्वे लागत नाही. चहाचे दोन कागदी कप तोंडाला तोंड लावून चिकटवायचे आणि दोन काठ्यांच्या उतारावर सोडायचे. ते डुलत डुलत मधोमध राहून खाली येतात. मग तेच कप बुडाला बूड लावून चिकटवायचे आणि सोडायचे. लगेच घसरून पडतात. हा प्रयोग केलेल्या मुलानं नंतर त्या पोलादी चाकावरून एकदा हात फिरवला, की भौतिकशास्त्राचा तो धडा त्याला जन्मात विसरता यायचा नाही. पुस्तकातली आकृती आणि टनभर वजनाची चाकांची जोडी यांच्यात जो फरक आहे, त्या फरकासाठी खुला दिवस हवा.

चाक तपासायची जुनी रीतही दाखवता येते. लांब दांड्याच्या हातोडीनं चाकावर टोला द्यायचा. चाक निकोप असेल तर खणखणीत नाद येतो आणि रेंगाळतो. तडा असेल तर बद्द आवाज येऊन तिथेच मरतो. कुंभाराकडून माठ घेताना आपली आजी बोटानं टकटक करून बघायची, तसंच हे. आता अतिध्वनी लहरींची यंत्रं आली आहेत, पण हातोडी घेऊन गाडीच्या कडेनं चालत जाणाऱ्या माणसाच्या कानावर कित्येक पिढ्यांनी आपला जीव सोपवला होता. गाडी स्थानकात शिरताना रुळाशेजारी बसून येणाऱ्या प्रत्येक चाकाचा आवाज ऐकणारे कर्मचारी आजही असतात. आसाची पेटी तापली असेल, ब्रेक चिकटला असेल, स्प्रिंग तुटली असेल तर त्यांना चालत्या गाडीत ते कळतं. गाडीतला प्रवासी खिडकीतून चहावाल्याला हाक मारत असतो. त्याला ही माणसं दिसतच नाहीत.

आणि ब्रेक. हवा सोडली की ब्रेक लागतो, हवा भरली की सुटतो. ऐकायला उलटं वाटतं. पण डबे तुटून वेगळे झाले, नळी तुटली, तर हवा निघून जाते आणि गाडी स्वतःहून थांबते. चूक झाली तर गाडी थांबण्याच्या बाजूनं चुकावी, हा विचार या रचनेत आहे. आमच्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला जोडून घाट उतरवतात आणि त्यातले अपघात आम्ही दर हंगामात सोसतो. ज्या बापाचं पोट त्या ट्रॉलीवर आहे, त्यानं हा ब्रेक एकदा उघडलेला बघावा असं मला फार वाटतं.

महाराष्ट्रात या वाटेवर काम झालेलंच नाही असं नाही. नागपूरला मोतीबागेत, जिथे सातपुड्यातल्या छोट्या गाड्यांची दुरुस्ती होई, त्या आवारात 14 डिसेंबर 2002 पासून छोट्या रुळांच्या रेल्वेचं संग्रहालय आहे. बंगाल–नागपूर रेल्वेच्या काळातली इंजिनं, डबे, कंदील, घंटा, सगळं नीट मांडलं आहे आणि पोरं तिथे रमतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये वारसा दालन आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी शकुंतला बंद पडली, तिच्यासाठी विदर्भातले लोक अजून झगडताहेत. हे सगळं मोलाचं आहे. तरी संग्रहालय आणि चालतं वर्कशॉप यांत फरक आहेच. संग्रहालयात रंग दिलेलं इंजिन चौथऱ्यावर गप्प उभं असतं. वर्कशॉपमध्ये लेथ फिरतो, ठिणग्या उडतात, तेलाचा वास येतो, आणि मुख्य म्हणजे ते काम करणारा माणूस समोर असतो. त्याला प्रश्न विचारता येतो. मुलाला यंत्राइतकंच त्या माणसाला बघायला मिळावं. आपल्यासारख्याच गावातून आलेला, आपल्यासारखीच बोली बोलणारा माणूस हे सगळं करतो, हे कळणं मोठं असतं.

अडचणी आहेत, त्या झाकून उपयोग नाही. वर्कशॉप ही धोक्याची जागा. डोक्यावर क्रेन, पायाखाली खड्डे, विजेच्या मार्गावर 25 हजार व्होल्टची तार. एका पोराचा पाय घसरला तर वर्षभराचं पुण्य वाया जाईल आणि दार कायमचं बंद होईल. पण बाकी जगानं यावर तोडगे काढलेत, आणि ते खर्चिक नाहीत. त्या दिवशी नेहमीचं काम बंद. ठरावीक वाट दोरीनं आखलेली. नावनोंदणी आधी, गट पन्नास-पन्नासांचे, प्रत्येक गटाबरोबर एक कर्मचारी. प्रात्यक्षिकं चार-पाचच, पण नीट. प्रदर्शनाच्या भागातला वीजपुरवठा बंद. नोकरीतल्या कामगारांबरोबर निवृत्तांना बोलवावं, मानानं बोलवावं, त्यांच्या हातात माइक द्यावा. बार्शीतल्या, कुर्डूवाडीतल्या घरांत जुने पास, बिल्ले, कंदील, फोटो असतील. ते त्या दिवसापुरते आणून मांडावेत आणि त्यांची नोंद करून घ्यावी. याला मंत्र्यांचं उद्घाटन लागत नाही. मांडवही लागत नाही, शेडला छप्पर असतंच.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा 14 डबे होते, 400 निमंत्रित होते, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं होती, 21 तोफांची सलामी झाली. डब्यांत निमंत्रित बसले आणि बाकी मुंबई रुळाच्या दोन्ही अंगांना उभी राहिली. तेव्हापासून सामान्य माणसाचं रेल्वेशी नातं तिकिटाच्या खिडकीपाशी सुरू होऊन फलाटापाशी संपतं. रेल्वे त्याच्या पैशावर चालते, त्याच्या जमिनीवरून जाते, त्याची पोरं तिच्यात नोकरीला लागावीत म्हणून तो रात्रंदिवस खपतो. तिच्या आत डोकावायचा हक्क त्याला वर्षातून एकदा तरी असावा.

नोकरीचा विषय निघालाच आहे तर लातूरचंही बोलतो. लातूरला मराठवाडा रेल्वे कोच कारखाना उभा राहिला. 2018 मध्ये पायाभरणी झाली, डिसेंबर 2020 मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला, आणि वंदे भारतच्या शयनयान गाड्या तिथे बांधण्याचा करार झाला आहे. धारूर, केज, अंबाजोगाईच्या आयटीआयमध्ये वेल्डर आणि फिटरचा अभ्यास करणारा मुलगा लातूरहून तासा-दोन तासांच्या अंतरावर असतो. तो कारखाना आतून कसा दिसतो, तिथे वेल्डिंगचा कुठला दर्जा चालतो, कुठली यंत्रं आहेत, हे त्याला कळायची सोय हवी. सुरक्षेची आणि कंपनीच्या गुपितांची कारणं पुढे येतील. जपानच्या बुलेट ट्रेनच्या कारखान्याला जे जमलं ते लातूरला जमू नये असं काही नाही.

तरी सुरुवात कुर्डूवाडीपासून व्हावी. तिथे जुनं आहे, नवं आहे, आणि सांगणारी माणसं अजून आहेत. ही शेवटची गोष्ट फार वर्षं खरी राहणार नाही.

तारीख कुठली असावी याचाही मी विचार केला. जगाच्या चालीनं जायचं तर 16 एप्रिल, किंवा जागतिक वारसा दिन म्हणून 18 एप्रिल. बार्शी लाइटच्या जन्माचा महिना मार्च. यातली कुठलीही तारीख आमच्या मुलांच्या कामाची नाही. धारूर, वडवणी, केज, पाटोदा या तालुक्यांतली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला घर सोडतात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे मार्च-एप्रिलला, परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, पुष्कळशी आईबापाबरोबर फडावर जातात. कोयत्याबरोबर जाणारं पोर मार्चमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात कुठल्या तरी फडावर असतं. पाऊस सरत आलेला, शाळा भरलेली आणि पोरं गावात असण्याचा काळ म्हणजे सप्टेंबर. म्हणून 17 सप्टेंबर किंवा त्याच्या जवळचा रविवार. मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या शिबिरांना बार्शीच्या मुलखानं आसरा दिला होता, आणि बीडला रेल्वे आली तीही याच तारखेला. एवढी कारणं पुरेत.

माझी विनंती दोघांना आहे. मध्य रेल्वेनं येत्या सप्टेंबरात कुर्डूवाडीचं वर्कशॉप एक दिवस उघडावं आणि पहिले गट ज्या तालुक्यांत रेल्वे नाही तिथल्या शाळांचे घ्यावेत. आणि आमच्या धारूर तालुक्यातल्या मुख्याध्यापकांनी, रेल्वेच्या पत्राची वाट न बघता, आपल्या शाळेच्या शिक्क्यानिशी तसा अर्ज आत्ताच, या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात, वर्कशॉपच्या प्रमुखांच्या नावे धाडावा. दहा शाळांचे दहा अर्ज एकाच टेबलावर पडले तर उत्तर द्यावंच लागेल. केज, कळंब, येरमाळा, बार्शी मार्गे कुर्डूवाडी धारूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे.